ब्रेक दाबताच पिकअप थरथरते तेव्हा

ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते, पाय उचलला की गाडी शांत. ज्यांच्या दारात पिकअप उभी आहे, त्या घरांना ही तक्रार नवी नाही. तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो. गॅरेजला जायचे, पुढचे ब्रेक पॅड बदलायचे आणि चार दिवस बरे वाटले की विसरून जायचे. आमचे म्हणणे एवढेच, की पॅडवर पैसे घालण्यापूर्वी थरथर येते कुठून ते शोधा. त्याला तासभर लागतो आणि खर्च जवळपास नाहीच.

कराडहून भाजी भरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरणाऱ्या गाडीवर घराची चूल, बँकेचा हप्ता आणि मुलांची फी चालते. वेळप्रसंगी त्याच गाडीच्या पुढच्या सीटवर अम्मीला बसवून दवाखान्यात न्यावे लागते. ब्रेक थरथरतो म्हणून चालवणारा नकळत पाय हलका ठेवतो, आणि भरलेली गाडी उतारावर थांबायला जास्त अंतर घेते. खरा धोका तिथे आहे.

पहिली चौकशी गाडी चालवणाऱ्याकडेच करावी. ब्रेक न लावताही साठ-सत्तरच्या वेगाला थरथर होते का? होत असेल तर आधी टायर पाहा, चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. फक्त ब्रेक लावल्यावरच होत असेल, तर ती हातात जाणवते की बुडाखाली, हे विचारा. स्टिअरिंग हलते तेव्हा दोष बहुधा पुढच्या डिस्कमध्ये असतो. सीट आणि फळी हादरते तेव्हा मागच्या ड्रमवर संशय घ्यावा. खात्री करायची असेल तर मोकळी गाडी, कोरडा सरळ रस्ता आणि मागेपुढे कोणी नाही असे पाहून तीसच्या वेगाने जा. हँडब्रेकचे बटण दाबून धरा आणि दांडा हळूहळू ओढा. बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो. तेव्हाही गाडी हादरली, तर ड्रम गोल राहिलेला नाही असे समजावे. (नव्या गाड्यांत एबीएस असते. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली टकटक करते, तो बिघाड नव्हे.)

आता डिस्कविषयी. ‘डिस्क वाकली’ असे मिस्त्री सर्रास सांगतात, पण वाकलेली डिस्क क्वचितच सापडते. हबवर जिथे डिस्क बसते तिथे गंज किंवा माती राहिली, की डिस्क केसभर तिरकी बसते. मग ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तिचा एकच भाग पॅडला घासत राहतो आणि हजारो किलोमीटरनंतर तिथे पातळ होतो. जाडीतला हा फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, हाताला मात्र जाणवतो. म्हणून डिस्क मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी मोजून घ्यावी. लेथवाल्याकडे मायक्रोमीटर असतोच.

आमच्या ओळखीच्या एका चाचांनी वर्षभरात दोनदा पॅड बदलले. दोन्ही वेळा महिन्या-दोन महिन्यांत थरथर परत आली. तिसऱ्या खेपेला डिस्क उतरवली, तेव्हा हबच्या तोंडावर गंजाची खपली निघाली. ती तशीच ठेवून नवी डिस्क बसवली असती, तर तीही काही महिन्यांत तशीच झाली असती.

डिस्क उतरवण्यापूर्वी आणखी एक पाहणी करावी. पुढचे चाक जॅकवर उचला, खाली पक्का स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली कधीही जाऊ नका. चाक वर-खाली धरून हलवले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा ढिलेपणा कळतो, डावी-उजवीकडे हलवले तर टाय रॉड एण्डचा. मागे पाट्यांचे यू-बोल्ट सैल नाहीत ना, तेही पाहा. ढिले सांधे थोडीशी थरथर मोठी करून दाखवतात.

दुरुस्ती करताना डिस्कच्या कडेवर कोरलेली किमान जाडी वाचावी. लेथवर घासल्यानंतरही जाडी त्याहून जास्त उरणार असेल, तरच घासून घ्या, नाहीतर बदला. जे कराल ते दोन्ही चाकांना सारखे करा. एकाच बाजूला नवी डिस्क घातली तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढू शकते. हब तारेच्या ब्रशने चकचकीत करा. कॅलिपरच्या पिना बोटाने सरकतात का ते पाहा आणि ब्रेकसाठी मिळते तेच ग्रीस लावा. घासलेल्या किंवा नव्या डिस्कवर पॅडही नवेच हवेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे उतारावर तापले की त्यात वाफ होऊन पॅडल खोल जाते. ते दोन वर्षांहून जुने असेल तर याच वेळी बदलावे.

काही सवयीही डिस्क आणि ड्रम खातात. हेळवाक सोडून घाट लागला की ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा, इंजिनालाच गाडी धरू द्या. घाट उतरून पोफळीला चहासाठी थांबलात, तर तापलेल्या ब्रेकवर पॅडल दाबून बसू नका आणि लगेच चाकांवर पाणी मारू नका. हँडब्रेकही तेवढ्यापुरता टाळा, कारण गरम ड्रम लायनरच्या दाबाखाली थंड होताना आकार सोडतो. सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

शेवटचे काम चाकाच्या नटांचे. पंक्चरवाला पाना मारून एकेक नट ओळीने आवळत जातो आणि डिस्कवर एका बाजूला ताण बसतो. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळायला सांगा. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासा.