आरोग्यविचार : राबत्या हातांची कातडी

1879 पासून गिरमिटीवर फिजीत गेलेल्या मजुरांचे हात उसाच्या धारदार पातीने चिरत असत. त्या जखमांचे कारण कोणास विचारावे लागत नसे. ओटाहुहूच्या कारखान्यांत राबणाऱ्या त्यांच्या पणतवंडांचे दुखणे मात्र निराळे आहे. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, कातडीला भेगा पडतात, बारीक फोड येऊन लस वाहते; आणि घरातील वडीलधारी मंडळी 'रक्त बिघडले' असे म्हणून मोकळी होतात. कोणी तर त्यास पूर्वकर्माचे फळ समजतो. नोकरीच्या धास्तीने कामगार हात लपवितो, आणि दुखणे बळावते.

वास्तविक हे दुखणे पुष्कळदा रक्ताचे नसून कामाचे असते. 1989 साली बंद पडलेल्या वेस्टफील्डच्या मांस-कारखान्यासारख्या ठिकाणी हात दिवसभर पाण्यात व चरबीत भिजत. मेंढ्यांपासून लागणारा 'ऑर्फ' नावाचा विषाणूही अशा कामगारांच्या बोटांवर फोडासारखी गाठ उठवितो. ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप बसते, ती कापू नये. परंतु सदा ओले हात आणि साबण ही साधी जोडीच कातडीचे नैसर्गिक तेल धुऊन नेते. अन्नाच्या कारखान्यात वा सफाईच्या कामात हेच घडते.

दुसरा प्रकार अधिक हट्टी आहे. बिब्बा उतणे म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसास सांगावयास नको. काजूच्या टरफलातील तेलही त्याच कुळीचे. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात त्याने काळवंडतात व पोळतात. शरीराने अशा पदार्थाशी एकदा वैर धरले, की पुढे त्याचा अल्पसा स्पर्शही पुरतो. सिमेंटातील क्रोमेट, रबरातील रसायने आणि इपॉक्सी राळ ह्यांची गत तीच. म्हणजे रक्षणासाठी घातलेला रबरी हातमोजाही कधी शत्रू ठरतो!

सुटीत हात सुधारले आणि कामावर परतताच पुन्हा बिघडले, तर कारण कामात आहे असे समजावे. डॉक्टरांस नुसता हात दाखवून भागत नाही. कोणते काम, कोणता साबण, कोणते रसायन, हेही सांगावे. रसायनाच्या डब्यावरील चिठ्ठीचे छायाचित्र नेले तर उत्तम. शंका असल्यास संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून त्वचारोगतज्ज्ञ परीक्षा करतात.

न्यूझीलंडमध्ये 1974 पासून चालू असलेल्या अपघात-भरपाई योजनेत, कामामुळे हळूहळू जडलेल्या रोगांचाही, अटी पूर्ण झाल्यास, विचार होतो. 2015 च्या सुरक्षा-कायद्यानुसार धोका शक्य तेवढा मुळातच दूर करणे हे मालकाचे कर्तव्य होय, आणि संरक्षक साधनांचे पैसे त्याला कामगाराकडून घेता येत नाहीत. तेव्हा फाटका हातमोजा बदलून मागण्यात संकोच कशाचा? मोज्याच्या आत घाम साचत असेल तर सुती अस्तर घालावे, ते ओले होताच बदलावे, आणि पाळी संपल्यावर हात कोरडे करून बिनसुगंधी मलम चोळावे.