वेळापत्रक नावाची संहिता

एम. ए.च्या वर्गात माझा एक विद्यार्थी होता. जन्मांध. सकाळी आठच्या तासाला तो साडेसहालाच हजर असे. शिपाई कुलूप काढायला येई तेव्हा तो पायरीवर बसलेला असे. त्याच्या वक्तशीरपणाचे कौतुक मी वर्गात एकदोनदा केलेही होते. पुढे एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "सर, हा वक्तशीरपणा नाही. दुसरी बस कधी आहे ते मला कळत नाही, म्हणून मी पहिलीच धरतो." त्या दिवशी मी माझे कौतुक मनातल्या मनात मागे घेतले.

हा विद्यार्थी निरक्षर नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. त्याच्या फोनमध्ये स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणारी आज्ञावली होती. तिच्या आधारे तो कादंबऱ्या वाचत असे, समीक्षा वाचत असे आणि माझ्या टिपणांतील शुद्धलेखनाच्या चुकाही दाखवत असे. अशी साधने आज दुर्मीळ नाहीत. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली सुरू केलेली 'एनव्हीडीए' ही आज्ञावली तर विनामूल्य मिळते. म्हणजे वाचक तयार आहे, वाचनाचे साधनही त्याच्या हाती आहे. तरीही जो माणूस कादंबरी वाचतो त्याला शहर बससेवेचे दोन पानी वेळापत्रक वाचता येत नसेल, तर खोट वाचकात नसून मजकुरात आहे.

ही खोट कोणती ते नेमके पाहू. पुष्कळदा वेळापत्रक म्हणजे फलकाचे छायाचित्र किंवा कागदाची स्कॅन केलेली प्रत असते. डोळसाला त्यात अक्षरे दिसतात. स्क्रीन रीडरच्या लेखी तिथे एक चित्र आहे, एवढेच. दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि त्यात 'प' या अक्षराचा स्वतःचा क्रमांक आहे. परंतु आपल्या कचेऱ्यांत अजूनही वापरात असलेल्या कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये 'प' नसतोच. तिथे असते रोमन 'आय', आणि तिला 'प'चा मुखवटा चढवलेला असतो. डोळ्यांना 'पुणे' असे दिसते, तेव्हा आत साठवलेले असते ते 'आय, क्यू, टिंब, के, एस'. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही; जे आहे तेच प्रामाणिकपणे उच्चारतो. तिसरा प्रकार तक्त्यांचा. स्तंभांचे मथळे मथळे म्हणून नोंदलेले नसले की कानावर नुसता आकड्यांचा पाऊस पडतो: सहा पाच, सहा वीस, सहा चाळीस. कोणत्या थांब्यावरून आणि कोणत्या मार्गाची बस, याचा पत्ता नाही. जलद गाड्या केवळ लाल रंगाने दाखवल्या असतील तर तो भेदही नाहीसा होतो.

आता यंत्रे चित्रातली अक्षरेही ओळखतात, मग अडचण कुठे राहिली, असे कोणी म्हणेल. साहित्याच्या वाचकाला याचे उत्तर लगेच पटावे. कादंबरीत एखादे अक्षर चुकीचे ओळखले गेले, तर आपण वाक्याच्या संदर्भाने ते सावरून घेतो. वेळापत्रकात १ चा ९ झाला तर सावरायला संदर्भच नसतो. तिथे चुकलेला आकडा म्हणजे चुकलेली बस.

आपण साहित्याचे लोक 'संहिता' हा शब्द दिवसातून दहादा वापरतो. संहिता वाचकागणिक नवी होते, असे विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु त्याआधी ती वाचकापर्यंत पोचावी लागते, हे आपण गृहीत धरलेले असते. अक्षरांचे चित्र ही संहिता नव्हे. ते पाहता येते. शोधता येत नाही, उद्धृत करता येत नाही, ब्रेलमध्ये उतरवता येत नाही, ऐकता येत नाही.

यात एक उपरोधही आहे. एस. टी. स्थानकावर ध्वनिक्षेपकावरून गाडी कुठे लागली हे सांगितले जाई. वाहक दारात उभा राहून गावांची नावे पुकारत असे. ही व्यवस्था अंधांसाठी केलेली नव्हती, तरी त्यांच्या उपयोगी पडत होती. माहिती पडद्यावर गेली तेव्हा तिच्यातला आवाज गेला. आता नकाशावर बसचा ठिपका सरकताना दिसतो, आणि नाव न दिलेल्या बटनावर बोट ठेवले की फोन म्हणतो, 'बटन'.

हे अटळ नव्हते. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या 'ट्रायमेट' या वाहतूक संस्थेने २००५ मध्ये गूगलबरोबर आपल्या गाड्यांची माहिती साध्या मजकुराच्या रूपात मांडली. थांब्यांची एक यादी, वेळांची एक यादी, मध्ये स्वल्पविराम. त्यातूनच पुढे जगभर वापरला जाणारा आराखडा तयार झाला. मजकूर मजकूरच राहिला की तो नकाशावर दाखवता येतो आणि मोठ्याने वाचूनही दाखवता येतो.

आपल्याकडे कायद्याचीही उणीव नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाहतुकीच्या आणि माहितीच्या सुगमतेसाठी स्वतंत्र कलमे आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष शिफारशीच्या नव्हे, तर सक्तीच्या स्वरूपात आखण्याचे आदेश दिले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालाने डिजिटल सुविधांपर्यंत पोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

"थांब्यावर कोणालाही विचारावे, लोक सांगतात की!" हा आक्षेप मी स्वतःही एकदा त्या विद्यार्थ्यापुढे मांडला होता. लोक सांगतात, हे खरेच आहे. पण पहाटे थांब्यावर लोक नसतात. आणि विचारणे हा एक मार्ग असावा, एकमेव मार्ग असू नये. मला विचारायचे की वाचायचे ही निवड करता येते. त्याला ती नव्हती.

शेवट बसवाल्यांना दोष देऊन करावा असे मनात होते. मग आमच्या विभागाच्या सूचना उघडून पाहिल्या. तासांचे वेळापत्रक: फलकाचे छायाचित्र. अभ्यासक्रम: स्कॅन केलेला, किंचित तिरका. परीक्षेच्या सूचना: जुन्या फाँटमध्ये. सलग दोन वर्षे त्या मुलाला हे कोणीतरी वाचून दाखवत असणार, आणि आम्हाला त्याची दखलही नव्हती. तासांचे वेळापत्रक युनिकोडमध्ये नव्याने टंकलिखित करायला मला चाळीस मिनिटे लागली. तो रोज दीड तास पायरीवर बसत होता.