सह्याद्रीच्या पायऱ्या

माळशेज घाटातून जाणाऱ्या प्रवाशाला समोरच्या डोंगरात एक विलक्षण रचना दिसते. उभा काळा कडा, त्यावर गवताची आडवी पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. एखाद्या महाकाय जिन्याच्या पायऱ्या असाव्यात, तशी ही मांडणी माथ्यापर्यंत जाते. भूशास्त्रज्ञ या खडकांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात आणि ‘ट्रॅप’ हे नाव जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आले आहे. आज थंड, काळा आणि निश्चल भासणारा हा कातळ एके काळी वाहता अग्नी होता.

ज्वालामुखी म्हटले की शंकूच्या आकाराचा, धूर ओकणारा पर्वत डोळ्यांसमोर येतो. दख्खनची कथा निराळी आहे. पृथ्वीच्या कवचाखालील प्रावरण अतितप्त असले तरी बहुतांशी घनरूपच असते, कारण वरच्या खडकांचा प्रचंड दाब त्याला वितळू देत नाही. हा तप्त खडक अत्यंत संथ गतीने वर सरकू लागला की दाब घटतो आणि त्याचा काही अंश वितळतो. हाच शिलारस. सभोवतालच्या खडकांहून हलका असल्याने तो भेगांतून वर चढतो आणि भूपृष्ठावर येताच लाव्हा म्हणून ओळखला जातो. त्यात सिलिका अधिक असेल तर तो चिकट बनतो, वायू आत कोंडतात आणि भीषण स्फोट होतो. सिलिका कमी असेल तर रस पातळ राहतो, वायू सहज निसटतात आणि लाव्हा दूरवर पसरतो. दख्खनचा लाव्हा या दुसऱ्या प्रकारचा होता.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेला होता. उत्तरेकडे सरकताना तो हिंदी महासागरातील ज्या उष्ण स्रोतावरून गेला, त्याच स्रोतावर आज रियुनियन बेट उभे आहे आणि तेथील ज्वालामुखी अजूनही जागृत आहे. त्या काळी भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानाचा लाव्हा थरावर थर पसरत गेला. धुळे-नंदुरबार परिसरात भिंतींप्रमाणे उभ्या असलेल्या खडकांच्या लांब रांगा म्हणजे भेगांमध्येच गोठून राहिलेला तो शिलारस होय. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे.

असा उद्रेक जीवसृष्टीवर काय ओढवतो, हे आइसलँडने अनुभवले. १७८३ च्या जून महिन्यात तेथील लाकी परिसरात सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. परंतु लाव्ह्याहून घातक ठरले ते वायू. विषारी द्रव्ये गवतावर बसली, देशातील निम्म्याहून अधिक पशुधन मेले आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. दख्खनच्या उद्रेकांपुढे लाकीचा उद्रेक अगदीच लहान होता.

तथापि दख्खनचे उद्रेक अखंड चालले नाहीत. डोंगर फोडून काढलेल्या रस्त्यांच्या कडेला काळ्या कातळांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा पातळ थर दिसतो. दोन उद्रेकांमधील दीर्घ विरामात ऊन, वारा आणि पावसाने खडक झिजून त्याची माती झाली. पुढच्या लाव्ह्याने तीच माती झाकून व भाजून टाकली. काही ठिकाणी अशा दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ आणि त्यात शिंपले व वनस्पतींचे जीवाश्मही सापडतात. अग्नी शमताच जीवनाने पुन्हा पाय रोवले होते, याची ती साक्ष आहे.

महाराष्ट्राचे लोकजीवन या थरांवरच उभे आहे. कापूस आणि ज्वारी पिकवणारी काळी जमीन ही याच बेसाल्टची झीज. थराचा मधला भाग बहुधा घट्ट व एकसंध असतो; म्हणूनच वेरूळच्या शिल्पकारांना अखंड कातळात इंद्रसभा घडवता आली. त्या लेण्याच्या अंगणातील मंदिर आणि हत्ती हे जोडकाम नव्हे, भोवतीचा कातळ काढून टाकल्यावर उरलेले ते रूप आहे. शिल्पांचे बारकावे हजार वर्षे टिकले, ते त्या दगडाच्या घट्टपणामुळे.

परंतु शिल्पाला लाभलेला हा घट्टपणा तहानेच्या वेळी कठोर ठरतो. एकसंध बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते साठते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. म्हणूनच कित्येक डोंगरांत झरे कड्याच्या पायथ्याशी, सांध्याजवळ फुटतात. हा साठा मर्यादित असतो; पावसाळ्यात भरतो आणि उपशाने सरतो. विहीर आटली की अधिक खोल बोअर घेण्याकडे ओढा वाढतो. पण या खडकात खोली वाढली म्हणून पाणी वाढेलच असे नाही. कित्येकदा शेकडो फूट खाली कोरडी दगडाची भुकटीच हाती लागते आणि त्यापायी कुटुंबाची वर्षांची पुंजी जाते. कधी पाणी लागते, पण शेजारची विहीर आटते, कारण दोन्हींच्या भेगा एकच असतात.

या भूमीत पाणी मिळवण्याचा खात्रीचा मार्ग खोलीचा नसून संथपणाचा आहे. उतारावरचे पाणी बांध आणि चरांनी थोपवले, माथ्यावरचे गवत व झाडे राखली, तर ते थांबते आणि थांबलेले पाणीच भेगांत मुरते. तेच बांध मातीही धरून ठेवतात. ज्या मातीला घडायला शतकानुशतके लागली, ती उघड्या उतारावरून एका पावसाळ्यात वाहून जाऊ शकते.

अग्नीने दख्खनला कातळ दिला. त्या कातळाची माती झाली आणि त्यात पाणी थांबले, ते मात्र उद्रेकांनंतरच्या दीर्घ शांततेत. घाटाच्या कडेचा तो विटकरी थर वीतभर जाडीचाही असू शकतो, पण तो साठायला लागलेला काळ माणसाच्या कित्येक पिढ्यांहून मोठा आहे.