पोहऱ्याच्या रानात सायकल का नको?

अमरावतीकराला रान पाहण्यासाठी मेळघाटपर्यंत जाण्याची गरज नाही. वडाळी आणि छत्री तलावाच्या पलीकडे टेकड्या सुरू होतात आणि तेथून चांदूर रेल्वेच्या बाजूला पोहरा-मालखेडचे राखीव वन पसरले आहे. शहराच्या उशाला साग, पळस आणि तेंदूचे रान असावे, त्यात रोही आणि बिबट असावेत, हे भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला येते. या वनाच्या शहराकडील कडेला काही वाटा सायकलसाठी रीतसर आखून द्याव्यात, असे माझे मत आहे. ते का, हे थोडक्यात मांडतो.

प्रथम कायदा पाहू. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात परवानगीवाचून शिरणे हा अपराध आहे. म्हणून ‘रान आपलेच, घाला सायकल’ असे मी म्हणणार नाही. मागणी परवानगीची आहे, पळवाटेची नाही. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला राखीव वनापेक्षाही कडक संरक्षण आहे आणि तेथे बिबटही आहेत. तरीही कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकली चालत आल्या आहेत; उद्यानात त्या भाड्यानेही मिळत आल्या आहेत. जे तेथे नियमाने जमले, ते येथे का जमू नये?

पहिला आक्षेप असा की, चाकांनी वाट उखडते आणि माती वाहून जाते. अमेरिकेतील माँटाना राज्यात विल्सन आणि सेनी या अभ्यासकांनी वाटांवर प्रयोग केले. १९९४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, वाहून जाण्याजोगी माती चाकांपेक्षा घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी अधिक सुटी होते. याचा अर्थ सायकल निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. उतारावर करकचून ब्रेक दाबला की चाक घसरते, चर पडतो आणि पहिल्या पावसात त्या चराची नाली होते. पण यावरचा उपाय आपल्या बापजाद्यांना ठाऊक आहे. वऱ्हाडातला जाणता शेतकरी उताराला आडवी पेरणी करतो. वाटही तशीच उताराला आडवी, वळणे देत काढावी. पावसाळ्यात ती सरळ बंद ठेवावी. ओल्या काळ्या मातीत सायकल चालतच नाही, हे खेड्यातल्या पोराला सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप वन्यप्राण्यांचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. सायकल वेगाने आणि आवाज न करता येते. त्यामुळे जनावर दचकते आणि स्वारालाही धोका होतो. म्हणून पहाटे आणि सांजवेळी बंदी हवी, एकट्याने जाण्यास मनाई हवी, आणि वाटा पाणवठ्यांपासून दूर हव्यात. सर्वच रान उघडा, असेही मी म्हणत नाही. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. त्याच्या गाभ्यात सायकल नकोच. आमच्या अकोल्याच्या मित्रांच्या जवळचे काटेपूर्णा हे अभयारण्य आहे. तेथे वन्यजीव अधिनियम, १९७२ चा निराळा परवाना लागतो, तो लागू द्यावा. कोठे नको हे ठामपणे सांगितले, तरच कोठे हवी हे सांगण्याचा अधिकार मिळतो.

तिसरा आक्षेप पायी फिरणाऱ्यांचा. अरुंद वाटेवर म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर सायकल घालणे हा उर्मटपणाच आहे. नियम सोपा असावा: पायी चालणाऱ्याचा मान पहिला, घंटी वाजवावी, थांबावे, गरज पडल्यास उतरावे.

राहिला शेवटचा टोमणा: हे म्हणे पैसेवाल्यांच्या पोरांचे चोचले! गिअरच्या महागड्या सायकलींची छायाचित्रे पाहून हा समज झाला असावा. आमच्या गावाकडे सायकल हा खेळ नाही. दूध, वैरण आणि शाळेची पोरे तिच्यावरूनच येतात, आणि तीही खडकाळ पांदणीने. मला तर उलटच दिसते. मेळघाटात जिप्सी भाड्याने घेणाऱ्याला जंगल दिसते; ज्याच्याजवळ फक्त सायकल आहे, त्याने जंगल चित्रातच पाहावे काय? ज्याने रान पाहिले नाही, तो वणव्याच्या वेळी फांदी घेऊन धावणार नाही. वनाला कुंपणाइतकीच माणसांचीही गरज आहे.

कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात तरुणांनी जुन्या, जड सायकली डोंगरावरून पिटाळल्या आणि तेथूनच हा खेळ वाढला. पायी फिरणाऱ्यांशी त्यांचे खटके उडाले, काही वाटा बंदही झाल्या. तेव्हा १९८८ साली सायकलस्वारांनी आपली संघटना उभारली आणि कुदळ-फावडे घेऊन वाटा दुरुस्त करण्याचे काम अंगावर घेतले. हक्क मागण्याची ही रीत मला आवडते.

आपल्याला तर ती परकी नाही. १९१४ पासून व्यायामाची परंपरा सांगणारे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच शहरात आहे, आणि गाडगेबाबांची समाधीही येथेच आहे. माझी सूचना अशी: महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने वनविभागाकडे एकाच वाटेसाठी, एका हिवाळ्यापुरता अर्ज करावा. नोंदवही ठेवावी, जुजबी शुल्क घ्यावे आणि ते रानाकडेच्या गावांतील वन व्यवस्थापन समित्यांना द्यावे. उन्हाळ्यात हिशेब मांडावा. वाट बिघडली असेल तर ती बंद करावी. आम्ही तक्रार करणार नाही. मात्र अर्जासोबत श्रमदानाच्या तारखाही लिहून द्याव्यात. आधी खराटा, मग सायकल.