कासवांची पैंजणे

वाचकहो, पैंजण चांदीचेच हवे असे कोणी सांगितले? अमेरिकेतील चिकासॉ बायका नाचताना पोटऱ्यांना कासवांची कवचे बांधतात. आत खडे, पाऊल पडले की ठेका निघतो आणि पुरुषांचे गाणे त्यावरच चालते. मिसिसिपीकडची भूमी सोडून या लोकांना १८३७ पासून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. हरणाच्या कातड्याची नि शिंपल्याच्या मण्यांची बरीचशी जागा त्याआधीच व्यापाऱ्यांच्या कापडाने आणि काचमण्यांनी घेतली होती. ‘मग अस्सल ते काय उरले?’ म्हणून आमचे विद्वान नाक मुरडतील. मुरडोत बापडे! त्याच परक्या मण्यांनी त्यांनी पट्ट्यांवर आपली नक्षी भरली. पुढे काहींनी कवचांऐवजी दुधाचे रिकामे डबेही बांधले. त्यांचा आवाज तर अधिकच खणखणीत!