बोटांची किंमत

विजेच्या गोल करवतीवर संरक्षक झाकण सक्तीचे केले तर ती महागेल व खडेबाजारचा लहान सुतार बुडेल, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खोटा नाही, हिशेब मात्र अपुरा आहे. झाकणाची किंमत पावतीवर दिसते. तुटलेल्या बोटांची किंमत सुताराचे घर जन्मभर फेडते. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्रांना कुंपण घातले, पण विजेच्या कारखान्यात सामान्यतः १० कामगार असले तरच. २०२० च्या संहितेने ही मर्यादा २० केली. लहान कारागिराचा हात उघडाच राहिला! म्हणून सक्ती यंत्र बनविणाऱ्यावर व विकणाऱ्यावर हवी. मळणीयंत्रांबाबत १९८३ च्या कायद्याने हीच वाट धरली. वाढीव किमतीचा भार सरकारने स्वस्त कर्जाने हलका करावा. तो कारागिराच्या बोटांवर टाकू नये.