दोन शब्दसंग्रह

काळे पाणी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कैदी उभा राहतो. ज्या बेटांवर त्याला नेले, तेथील मूळ रहिवासी उभा राहत नाही. न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीविषयी वाचतानाही ही सवय आडवी येते. १७८८ साली ११ जहाजांतून ७०० हून अधिक कैदी तेथे नेण्यात आले. त्यांच्या हालांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याला जोड म्हणून, कैदी आणि आदिवासी हे एकाच साम्राज्याचे सारखे बळी, असे एक सोयीस्कर सूत्र वर्गात व चर्चासत्रांत ऐकू येते. मला ते मान्य नाही; आणि का नाही, हे दोन शब्दसंग्रह शेजारी ठेवले म्हणजे दिसते.

पहिला विल्यम डॉज याचा. हा मरीन दलातील लेफ्टनंट, खगोलनिरीक्षक. १७८९ च्या देवीच्या साथीत सिडनी परिसरातील निम्मे आदिवासी दगावले असावेत, असा गव्हर्नर फिलिप याचा अंदाज होता. त्यानंतरच्या दोन वर्षांत डॉजने उरलेल्यांची भाषा वह्यांत टिपली. त्याला ती प्रामुख्याने शिकविली पाट्येगारांग या तरुण मुलीने. शेकोटीवर हात उबवून मग दुसऱ्याची बोटे हलकेच दाबणे, या कृतीला तिच्यापाशी 'पुतुवा' हे एकच क्रियापद आहे. तिच्या लोकांना भीती का वाटते, असे डॉज विचारतो, तेव्हा ती इंग्रजी 'गन'ला स्वभाषेचा प्रत्यय जोडून एका शब्दात सांगते : बंदुकांमुळे. परका शब्द व्याकरणात कसा शिरतो, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

दुसरा संग्रह जेम्स हार्डी व्हॉक्स या हद्दपार कैद्याचा, चोरांच्या बोलीचा. न्यायालयात या बोलीसाठी दुभाषी लागे, अशी नोंद वॉटकिन टेंच याने करून ठेवली आहे. व्हॉक्सने १८१२ मध्ये आपला कोश रचून स्थानिक अधिकाऱ्यालाच अर्पण केला (न्यायदानात उपयोगी पडेल म्हणून!), आणि १८१९ मध्ये तो त्याच्या आत्मचरित्रासह लंडनला छापला गेला.

दोघांनाही दुभाषी लागत होता, एवढे साम्य खरे. पण कैद्याने आपला कोश स्वतः रचला. पाट्येगारांगचा प्रत्येक शब्द डॉजच्या लेखणीतून येतो. आणि जमिनीचे काय? फिलिपला १७८७ साली दिलेल्या आदेशांतच मुक्त झालेल्या पुरुष कैद्याला ३० एकर, विवाहित असल्यास आणखी २०, मुलामागे १० अशी तरतूद होती. त्याच आदेशांत मूळ रहिवाशांशी सलोख्याने वागण्याची आज्ञाही आहे. कैद्याची सुटका ज्या जमिनीवर व्हायची होती, ती कोणाची, हा प्रश्न मात्र आदेशांत नाही. व्हॉक्सच्या कोशाचे कौतुक करताना मला तो विसरता येत नाही.

डिसेंबर १७९० मध्ये पेमुलवुय याच्या भाल्याने मॅकिंटायर हा गव्हर्नरचा शिकारी जायबंदी झाला आणि पुढे मरण पावला. हा शिकारी कैदीच होता. आदिवासी त्याला भीत आणि त्याचा तिरस्कार करीत. फिलिपने सूड म्हणून प्रथम दहा, मग सहा आदिवासींची शिरे आणण्याचा हुकूम दिला. डॉजने आधी नकार दिला, मन वळविल्यावर तो गेला, मोहीम रिकाम्या हातांनी परतली. त्यानंतर गेल्याचा पश्चात्ताप त्याने उघड बोलून दाखविला. १७९१ च्या अखेरीस त्याने वसाहत सोडली. वह्या लंडनला पोहोचल्या, आणि १९७२ पर्यंत अभ्यासकांच्या नजरेबाहेरच राहिल्या.